मुंबई विद्यापीठाची जुनी गुणपत्रिका मागताना अर्ज कुठे अडतो

दुय्यम गुणपत्रिका, दुय्यम पदवी प्रमाणपत्र किंवा ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा), काहीही मागा; जुन्या बॅचचा अर्ज हमखास अडतो तो एकाच रकान्यात. परीक्षेचा महिना, वर्ष आणि आसन क्रमांक. तिथे लोक ‘१९८३ ते ८६’ असे लिहून मोकळे होतात. त्यावरून काही सापडत नाही, कारण निकालाची लेजरं परीक्षेनुसार आहेत: टी.वाय.बी.ए. (बी.ए.चे तिसरे वर्ष), एप्रिल १९८६, आणि आत आसन क्रमांकाची रांग. एखादा विषय ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झाला असेल तर ते लेजर वेगळे. पदवी प्रमाणपत्रावरची तारीख दीक्षान्त समारंभाची असते. ती परीक्षेची म्हणून उतरवू नका, भलत्याच वर्षाची लेजरं चाळली जातील.

आसन क्रमांक आठवत नाही? चाळीस वर्षांपूर्वीचे हॉलतिकीट कोण जपून ठेवणार! कॉलेजच्या कार्यालयात निकालाचे रजिस्टर पाहायला मागा. पुढे एम.ए. किंवा बी.एड.ला प्रवेश घेतला असेल तर त्या कॉलेजातली फाइल, सरकारी नोकरी असेल तर आस्थापना शाखेतली वैयक्तिक फाइल. तिथे गुणपत्रिकेची साक्षांकित झेरॉक्स निघते.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या एफ.वाय. आणि एस.वाय.च्या, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या, परीक्षा अनेक वर्षे कॉलेजांनीच विद्यापीठाच्या वतीने घेतल्या. ते गुण कॉलेजात मिळतात. हे कुणी आधी सांगत नाही आणि माणूस विद्यापीठाच्या कलिना संकुलात हेलपाटे घालत राहतो.

कॉलेज आज कोणत्या विद्यापीठाला जोडलेले आहे ते पाहू नका, प्रमाणपत्रावरचे नाव पाहा. पुणे विद्यापीठ १९४९चे, गोवा विद्यापीठ १९८५चे. त्याआधी पुण्यातली, पणजीतली कॉलेजेही मुंबईचीच. आजोबांचे मॅट्रिकही विद्यापीठच घेत असे, एस.एस.सी. बोर्ड नंतरचे. मात्र जातपडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी असेल तर विद्यापीठात वेळ घालवू नका. जात लिहिलेली असते ती शाळेच्या जनरल रजिस्टरात.

कागद हरवल्याचा पोलिसांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र यांतही असाच घोळ होतो. ‘काही महत्त्वाची कागदपत्रे प्रवासात गहाळ झाली’ एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक कागद नावानिशी यायला हवा: ‘बी.कॉम. तृतीय वर्ष, एप्रिल १९८९, आसन क्रमांक अमुक, मूळ गुणपत्रिका.’ ठाण्यात जाण्याआधी हे वाक्य कागदावर लिहून न्या.

लग्नानंतर नाव बदलले असेल तर अर्ज परीक्षेच्या वेळच्याच नावाने भरा; राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडा. लेजरमध्ये माहेरचेच नाव आहे.

फॉर्म, शुल्क, ओळखपत्राच्या प्रती हे सगळे संकेतस्थळावरच्या ताज्या यादीप्रमाणे करा.

परदेशी विद्यापीठाच्या अर्जाची शेवटची तारीख म्हणजे बहुतेक ठिकाणी ट्रान्सक्रिप्ट तिकडे पोचण्याची तारीख. कुरियरला दिल्याची तारीख धरू नका, आणि जुन्या लेजरचा शोध किती दिवस चालेल याचा भरवसा धरू नका. परदेशासाठी पदवी तपासणाऱ्या मूल्यांकन संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक पाकिटावर घालायला सांगा. पाकीट हातात मिळाले तर झाकणावर विद्यापीठाचा शिक्का आडवा पडला आहे ना, ते खिडकीवरच पाहून घ्या. आत काय आहे हे बघायला ते उघडू मात्र नका. उघडलेले पाकीट तिकडे धरत नाहीत. घरी ठेवायला एक प्रत त्याच अर्जात जादा मागा.