‘झुंड’च्या आधीचं नागपूर

खेळावरचा सिनेमा म्हटला की शेवटच्या मिनिटाचा गोल आलाच. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये कॉलेज विरुद्ध झोपडपट्टी हा सामना निम्म्यातच उरकतो आणि पुढे सगळी धावाधाव परदेशातल्या स्पर्धेला जायच्या कागदपत्रांसाठी होते. हा उत्तरार्ध अनेकांना लांबलेला वाटला. पण नागपुरात प्रत्यक्षात काय घडलं ते पाहिलं की पटकथा तिकडे का वळली ते कळतं.

फुटबॉल नागपूरला नवा नव्हताच. शेजारच्या कामठीत १८२१ पासून लष्कराची छावणी, शहरात रेल्वेचं मोतीबाग मैदान, मोहननगरसारख्या खेळवेड्या वस्त्या. कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव आजही विदर्भातल्या मैदानांवर मानाने घेतलं जातं. मात्र स्पर्धेत उतरायचं तर मागे क्लब, शाळा, कॉलेज किंवा एखादं खातं हवं. बूट, जर्सी, प्रवेश फी हे सगळं त्यानंतर. झोपडपट्टीतलं पोर चांगलं खेळत असलं तरी त्याला संघात घेणार कोण?

‘झुंड’ ज्यांच्यावर बेतलाय ते विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ मध्ये भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं त्यांना दिसली, हा किस्सा आता सर्वांना पाठ झालाय. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची पुढची चाल. त्यातल्या चार गुणी पोरांना निवडून कॉलेजच्या संघात बसवणं सोपं होतं. सरांनी स्पर्धाच फक्त झोपडपट्ट्यांसाठी भरवली, आणि १२८ संघ उतरले. अकरा-अकराचे धरले तर चौदाशेवर पोरं, आणि बाद पद्धतीने खेळवायचं म्हटलं तरी १२७ सामने! एका शहराच्या वस्त्यांत एवढी पोरं खेळायला तयार बसली होती आणि कोणाच्या खिजगणतीत नव्हती. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव तेव्हापासूनचं. पुढे क्रीडा विकास संस्थेमार्फत काम वाढलं, अमेरिकेत असलेला त्यांचा मुलगा अभिजित परत येऊन त्यात उतरला आणि ‘स्लम सॉकर’ हे नाव देशाबाहेर पोचलं.

कागदांची भानगड इथून सुरू होते. बेघर आणि वंचित खेळाडूंचा ‘होमलेस वर्ल्ड कप’ २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये सुरू झाला. मैदान छोटं, एका बाजूला चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव. त्यात एक नियम असा, की खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे गेल्या वर्षीचा हुकमी गडी यंदा उपयोगाचा नाही. दरवर्षी नवी पोरं, नवे पासपोर्ट. जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, पोलिसांची पडताळणी. ज्या वस्तीचीच सरकारदरबारी धड नोंद नाही, तिथल्या मुलाने पत्ता कोणता द्यायचा? आणि ठाण्यात आधीच नाव लागलेलं असलं तर? सिनेमात रिंकू राजगुरूचं पात्र बापासोबत ओळखीच्या पुराव्यासाठी वणवण करतं ते याच मुळे.

गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला आणि फुटबॉलमुळे परतलेला अखिलेश पॉल २०१० साली रिओला भारतीय संघाचा कर्णधार होता. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’मधून तो आणि बारसे सर घराघरांत पोचले, २०१६ मध्ये ‘स्लम सॉकर’ला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. एवढं झाल्यावर सिनेमावाल्यांचं लक्ष जाणारच होतं.

चित्रीकरण २०१८ च्या डिसेंबरात नागपुरातच सुरू झालं. अमिताभ बच्चन ‘विजय बोराडे’ झाले (त्यांचं पडद्यावरचं लाडकं नाव या वेळी आयतंच मिळालं म्हणायचं), आणि भोवती कॅमेऱ्यासमोर कधी न उभी राहिलेली इथलीच पोरं. सिनेमा हिंदी, पण त्यांच्या तोंडची बोली अस्सल नागपुरी. मध्ये हक्कांवरून कोर्टकचेरी झाली, कोरोना आला, आणि सिनेमा लागला थेट ४ मार्च २०२२ ला.

पडद्यावर अनेक वर्षांचा पसारा काही महिन्यांत बसवलाय. ते समजू शकतं. पण १२८ संघांची ती स्पर्धा कॉलेजविरुद्धच्या एका सामन्यात आटोपली, हे मात्र मला खटकलं. कॉलेजला हरवण्यासाठी अकरा पोरं पुरतात. बारसे सरांनी एवढ्या वस्त्यांमधून संघ उभे केले, ते पाहायला मिळायला हवं होतं.