ड्रेन बोल्टचा वायसर: तांब्यापासून ॲल्युमिनियमपर्यंत

हर्णैला मासळीचा लिलाव किनाऱ्यावरच, ओल्या वाळूत होतो. तिथे रोज ये-जा करणाऱ्या मोटरसायकलींच्या पुढच्या चाकावरून खारं पाणी उडतं आणि इंजिनाच्या बुडाशी बसतं. अशा गाडीचं ऑईल बदलायला घेतलंत आणि ड्रेन बोल्टखाली (म्हणजे जुनं तेल सोडायच्या तळाच्या बोल्टखाली) तांब्याचा वायसर, म्हणजे गोल चकती, दिसली, तर पाना लावण्याआधी जरा टॉर्च मारून बघा. वायसरच्या कडेला हिरवा कळंक धरलेला असतो आणि त्याला टेकलेल्या चेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या पेटीवर, पांढरी भुकटी. ती नखाने खरवडली की खाली ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडलेले दिसतात. यात तांब्याचा दोष नाही. तांब्याचा वायसर रुळला त्या काळी मोटारींचे चेंबर मुख्यतः पत्र्याचे किंवा बिडाचे असत.

मुळात वायसर लागतो कशाला? 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने इंग्लंडात आट्यांचं प्रमाण मांडलं, 55 अंशांच्या कोनाचं. आजचे मेट्रिक आटे 60 अंशांचे आहेत, पण तेही सरळच, म्हणजे टोकाकडे निमुळते होत न जाणारे. सरळ आट्यांत थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर बोल्ट फिरणारच नाही. त्या फटीतून तेल गोल जिना उतरावा तसं खाली येतं. ते अडवायचं काम बोल्टच्या डोक्याखालच्या सपाट जागेचं, म्हणजे वायसरचं.

तांबं मऊ. बोल्ट आवळला की ते दबतं आणि दोन्ही बाजूंच्या बारीक रेघांत शिरून बसतं. पण दाबल्यावर ते कडकही होतं. तांबटाला हे वेगळं सांगावं लागत नाही: बंबाचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, मग तो लाल तापवून नरम करायचा आणि पुढचे घाव घालायचे. जुने मेकॅनिक वायसरचंही तेच करत. तारेत अडकवून स्टोव्हच्या ज्योतीवर लाल केला, पाण्यात सोडला, की पुन्हा नव्यासारखा नरम. (पाण्यात बुडवल्याने तांबं पोलादासारखं कडक होत नाही, फक्त वरची काळी खपली सुटते.) एकेक वायसर असा वर्षानुवर्षं चाले. ॲल्युमिनियमवर मात्र हा प्रयोग करू नका. ते 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही.

लाल फायबरचा वायसरही जुनाच. हे फायबर 1859 साली ब्रिटनमध्ये पेटंट झालं. कापसाच्या कागदाचे थर रसायनाने एकजीव करून बनवतात. खडबडीत तोंडावर ते छान बसतं, पण पाणी शोषतं. आमच्याकडे पावसाळ्यात ते दमट होऊन फुगतं, मग इंजिनाच्या उष्णतेने सुकून आकसतं आणि बोल्ट ढिला पडतो. कोकणासाठी फायबर मला कधीच पटलं नाही. तांब्याच्या कवचात ॲस्बेस्टॉस भरलेले वायसरही असत. युरोपीय संघात ॲस्बेस्टॉसवर 2005 पासून बंदी आहे.

पुढे चेंबरच बदलला. ओतीव ॲल्युमिनियम हलकं, उष्णता लवकर सोडणारं. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि जपानी पद्धतीची छोटी इंजिनं आपल्याकडे घरोघर पोचली. होंडाच्या बहुतेक दुचाकींत 12 मिमीच्या बोल्टखाली ॲल्युमिनियमचाच वायसर असतो. त्याचा एक फायदा असा की तो कमी ताकदीत दबतो, त्यामुळे चेंबरच्या नाजूक आट्यांवर ताण येत नाही. दुसरा फायदा आम्हा किनाऱ्यावरच्यांना जास्त मोलाचा. दोन वेगळे धातू टेकलेले आणि वर खारं पाणी, की त्यांची बॅटरीच होते. तांबं-ॲल्युमिनियमच्या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे आपला चेंबर. घाटावरच्या कोरड्या हवेत ही जोडी खपून जाते, इथे नाही.

बाँडेड सील हा आणखी एक प्रकार: पोलादी कडं आणि त्याच्या आतल्या बाजूला तेल सोसणाऱ्या नायट्राइल रबराची कड. ब्रिटनच्या डाउटी कंपनीमुळे त्याला डाउटी वायसरही म्हणतात. हायड्रॉलिक जोडांत तांब्याच्या जागी तो आला. माप तंतोतंत असेल तरच बसतो, आणि फार तापणाऱ्या इंजिनात रबर कडक होऊन चिरतं.

माझ्या गाडीचे आटे गेले ते वायसर वाचवण्याच्या नादात. ॲल्युमिनियमचा वायसर तिसऱ्यांदा लावला होता. त्यावर बोल्टच्या कडेची गोल खाच उठलेली. जांभ्याच्या पायरीवर तेलाचा थेंब दिसला, म्हणून मेकॅनिकने रिंग पान्याला पाइप अडकवून पाव फेरी आणखी दिली. बोल्ट अचानक हलका फिरला. त्या 12 मिमीच्या बोल्टला साधारण 24 ते 30 न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. पाइप लावलेला पाना त्याच्या कितीतरी पुढे जातो. काही रुपयांच्या वायसरपायी हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची वेटोळी) बसवायला गाडी चिपळूणला न्यावी लागली.

तेव्हापासून दर ऑईलला नवा वायसर, चेंबरच्या धातूचाच. बोल्ट आवळला की बाहेरची कड कोरडी पुसतो आणि तिच्यावर ग्रीसचं बोट फिरवतो.