सुगरणीसारखी दिसते पण सुगरण नाही

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकणारे सुगरणीचे खोपे आपण लहानपणापासून बघत आलोय, पण तिची एक चुलत बहीण आहे हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. फिन्स वीव्हर, म्हणजे फिनची सुगरण. राहते हिमालयाच्या पायथ्याशी तराईत, म्हणजे उंच गवताच्या दलदलीच्या पट्ट्यात, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, आसाम आणि नेपाळच्या थोड्या भागात. पक्षीशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांना १८६६ मध्ये नैनितालजवळ काळाढुंगीला ती पहिल्यांदा मिळाली, पुढे फ्रँक फिन या पक्षीतज्ज्ञांना कोलकात्याच्या पक्षीबाजारात सापडली म्हणून नाव फिनचं, आणि मग गायबच. सलीम अलीही एकदा शोधून हात हलवत परत आले होते, शेवटी १९५९ ला त्यांना कुमाऊँच्या तराईत ती परत भेटली. नंतर आंबेडकर नावाच्या पक्षीशास्त्रज्ञांनी तिथंच तिच्या विणीचा अभ्यास केला. २०२१ पासून ती धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत 'संकटग्रस्त' आहे.

आता मोजायची कशी? खरी गंमत (आणि खरा वैताग) इथं आहे. हिवाळ्यात नराचा पिवळा रंग उतरतो आणि तो आपल्या साध्या सुगरणीसारखाच मातकट दिसायला लागतो, थोडा जाड चोचीचा, बास. दोन्ही जातींचे थवे शेतात एकत्र उतरले की दुर्बिणीतूनही ओळखणं अवघड. म्हणून सर्व्हे करायचा तो विणीच्या दिवसात, म्हणजे मे ते सप्टेंबर, म्हणजे नेमकं उकाडा, पाऊस आणि गुडघ्यापर्यंत चिखल.

पण या दिवसात एक खूण मिळते. साधी सुगरण खोपा लटकवते, ही सावरीसारख्या उंच झाडाच्या शेंड्याला विणते, आणि विणायच्या आधी नर त्या फांद्यांची पानं तोडून टाकतात. जुलैत सगळी सावर हिरवीगार आणि टाळूवर मात्र टक्कल, त्यात पाचोळ्याच्या गोळ्यांसारखे खोपे! हे दिसलं की गाडी थांबवायची, स्कोप (तिकाटण्यावरची दुर्बीण) लावायचा आणि तास-दोन तास नुसतं बसायचं.

नवीन माणूस खोपे मोजून मोकळा होतो, आणि तिथंच चुकतो. सुगरणींच्या कुळात नर एकाहून जास्त खोपे सुरू करतात, मादीला पसंत पडला तरच तो पुरा होतो, त्यामुळे वीस खोपे म्हणजे वीस जोड्या अजिबात नाही. मग बघायचं काय, तर कोणत्या खोप्यात मादी परत परत जातेय, चोचीत अळी आहे का, नर गवताचा ताजा हिरवा धागा घेऊन येतोय का जुनाच गोळा वाऱ्यावर हलतोय. आणि कावळे किती हेही लिहायचं. उघड्यावरच्या खोप्यांची ते नासधूस करतात, अंडी पिल्लं पळवतात, आणि माणसाचा उकिरडा आला की कावळे येतातच.

सगळ्यात अवघड आकडा शून्याचा. या वसाहती जागा बदलतात, गेल्या वर्षी गजबजलेलं झाड यंदा रिकामं असतं. ते पक्षी मेले, का दोन किलोमीटरवर पाणथळीतल्या पाणकणसात जाऊन बसले? एका फेरीत कळत नाही, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आसपासचं गवत पालथं घालावं लागतं, न दिसण्याचीसुद्धा वेळ-हवामानासकट नोंद ठेवावी लागते. मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या माणसांनी अशा फेऱ्या वर्षानुवर्षं मारल्या तेव्हा अंदाज आला की भारतात हे पक्षी काही शेकड्यांतच उरलेत. कारण सरळ आहे, तराईतलं उंच गवत काढून ऊस आणि भात लावला, शिवाय पिंजऱ्यासाठी पकडणं.

उत्तराखंडातल्या हरिपुरा धरणाच्या बाजूला त्यांची वसाहत नोंदली गेलीये, तिकडं पावसाळ्यात गेलात तर सावरीच्या शेंड्याकडं एकदा बघा, आणि नुसता खोपा दिसला तर लगेच फोटो टाकू नका, मादी आत जाईपर्यंत थांबा.