प्रोपेलरचा रिडक्शन ड्राइव्ह : आधी कंपनं, मग गुणोत्तर

रिडक्शन ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा वेग कमी करून प्रोपेलरला देणारी जोडणी, राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानातच होता. साधारण १२ हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन हजारभर आरपीएमवर चाले. ८ आणि २३ दात्यांच्या स्प्रॉकेटवरून चेन नेऊन दोन प्रोपेलर सुमारे ३५० आरपीएमवर फिरवले जात. त्या नोव्हेंबरात चाचणीच्या वेळी इंजिनाने मिसफायर केलं आणि प्रोपेलरचे पोकळ शाफ्ट निकामी झाले. मग जाड नळीचे आणले, तर स्प्रॉकेट सैल होऊ लागले. ते टायरच्या सिमेंटने पक्के केले, पण २८ तारखेला शाफ्टलाच तडा गेला. अखेर ऑर्व्हिल डेटनला जाऊन स्प्रिंग स्टीलचे भरीव शाफ्ट घेऊन आले. सरासरी टॉर्क (पीळ देणारा जोर) शाफ्ट आरामात पेलत होता, मोडला तो झटक्यांनी.

वेग कमी करायचा तो प्रोपेलरच्या टोकासाठी. १.८३ मीटर व्यासाच्या प्रोपेलरचं टोक २७०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २५९ मीटर जातं. ५५०० ला तेच ५२७ होतं, म्हणजे ध्वनीच्या दीडपट. आवाज प्रचंड आणि विमानाला पुढे खेचण्याची ताकद कमी. लायकॉमिंग ओ-३२० या विमानाच्या इंजिनाने ही अडचण ५.२ लिटरचं मोठं इंजिन २७०० लाच चालवून टाळली. फोर्ड मॉडेल ए आणि फोक्सवॅगनची इंजिनंही घरी बांधलेल्या विमानांत थेट जोडली गेली. सुबारू आणि माझदा रोटरी ही जास्त वेगाने फिरणारी मोटारींची इंजिनं आल्यावर मात्र गिअर किंवा बेल्ट टाळता येईना.

इथेच राइटांची अडचण परत आली. प्रोपेलर थेट जोडलेला असेल तर तोच फ्लायव्हील, म्हणजे झटके शोषणारं जड चाक, असतो. मध्ये २.४३ चा गिअर घातला की क्रँकशाफ्टला त्याचं जडत्व जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढं जाणवतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दोन धक्के देतं, म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ८०. पिळाच्या कंपनाची नैसर्गिक वारंवारता तिथेच पडली, तर दाते खडखडतात, बेल्टचे दात सोलतात, कधी शाफ्टच तुटतो.

यावर लोकप्रिय उपाय म्हणजे मऊ जोडणी. तिने अनुनाद (धक्के आणि नैसर्गिक वारंवारता जुळून वाढणारं कंपन) आयडलच्या, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत कमी चालत्या वेगाच्या, खाली ढकलला जातो आणि इंजिन सुरू होताना क्षणभरात ओलांडला जातो. हलक्या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोटॅक्सच्या सी गिअरबॉक्समध्ये यासाठी रबरी कपलिंग असतं, तर त्यांच्या ९१२ इंजिनात स्प्रिंगने दाबलेले डॉग (एकमेकांत अडकणारे खाचेदार दाते). ९१२ चं आयडल १४०० च्या खाली नेऊ नये असं सांगतात ते याचसाठी. वजन वाचवायला फ्लायव्हील काढून टाकण्याचा मोह मात्र महागात पडतो: इंजिनाकडचं जडत्व घटतं, वारंवारता वाढते आणि खाली ढकललेला अनुनाद पुन्हा चालू वेगाच्या पट्ट्यात येतो.

दात्यांचा बेल्ट शांत चालतो, त्याला तेल लागत नाही. पण बेल्ट आहे म्हणून डँपर (कंपनं शोषणारा भाग) नको, हा गैरसमज आहे. शिवाय बेल्टचा ताण क्रँकशाफ्टच्या टोकाला एका बाजूला वाकवतो, म्हणून पुलीच्या बाहेरच्या बाजूला आधाराचं बेअरिंग हवंच.

गुणोत्तर नेमकं २ असेल तर त्याच दात्यांवर आणि त्याच पात्यांवर दरवेळी तेच धक्के बसतात. रोटॅक्सने ८० हॉर्सपॉवरच्या ९१२ ला ५०:२२ आणि १०० च्या इंजिनाला ५१:२१ दाते ठेवले आहेत. गिअरची एकच जोडी प्रोपेलरला उलटा फिरवते. बेल्टमध्ये दिशा बदलत नाही. प्रोपेलर घेण्याआधी हे पाहावं, आणि त्याचं जडत्व आघूर्णही, म्हणजे त्याच्या फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध. रोटॅक्सच्या बी गिअरबॉक्सला ३०००, सीला ६००० किलोग्रॅम-चौरस सेंटीमीटरची मर्यादा आहे. बीवर लांब, जड प्रोपेलर चढवला तर गुणोत्तर कितीही जमलेलं असो, डॉग आणि दाते झिजणारच.