मुद्रितशोधक नसलेली गाठ

‘कॅन्सर संपला! सहा महिन्यांत १०० टक्के रुग्ण बरे!’ हा मजकूर २०२२च्या जूनमध्ये पहिल्यांदा फोनवर आला आणि तेव्हापासून दर काही महिन्यांनी नवे कपडे घालून परत येतो. त्यातला आकडा खरा आहे. गडबड आहे ती ‘कॅन्सर’ या शब्दात, कारण त्याच्यामागची विशेषणं वाटेत कुठेतरी गळून पडली आहेत.

मूळ गोष्ट अशी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये अँड्रिया सर्सेक आणि लुईस डियाझ यांच्या गटाने गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाच्या कॅन्सरवर डोस्टारलिमॅब नावाचं औषध वापरलं. दर तीन आठवड्यांनी एकदा, असं सहा महिने. २०२२मध्ये बारा रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. बाराही जणांची गाठ दुर्बिणीत, एमआरआयमध्ये, बायोप्सीत, कुठेच सापडेना. २०२५च्या एप्रिलमध्ये पुढचा हप्ता आला: उपचार पूर्ण केलेले ४९ रुग्ण आणि ४९ जणांची गाठ नाहीशी. गाठ नाहीशी व्हायला यातल्या कुणालाही केमोथेरपी, रेडिएशन किंवा ऑपरेशन लागलं नाही. गुदाशयाचं ऑपरेशन म्हणजे काय हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. पोटावर लावलेली पिशवी, लघवीवरचा ताबा, लैंगिक आयुष्य, तरुण रुग्ण असेल तर मूल होण्याची शक्यता, हे सगळं तिथे पणाला लागतं.

आता गळालेली विशेषणं परत लावू. या सगळ्यांचा कॅन्सर शरीरात दूरवर पसरलेला नव्हता. आणि सगळ्यांच्या गाठींमध्ये एक ठरावीक बिघाड होता, जो गुदाशयाच्या कॅन्सरपैकी पाच ते दहा टक्क्यांतच आढळतो. मोठ्या आतड्याचे सगळे कॅन्सर धरले तर सुमारे १५ टक्क्यांत. तो बिघाड म्हणजे मिसमॅच रिपेअर नावाची डीएनएची दुरुस्ती बंद पडणं.

आणि इथेच मला या विषयाचं वेड लागलं. कॅन्सर होतो म्युटेशनमुळे, म्हणजे डीएनएच्या मजकुरातल्या चुकांमुळे, हे आपण शाळेत शिकलो. मग चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडली तर तो कॅन्सर सर्वांत भयंकर असायला हवा. प्रत्यक्षात या औषधापुढे तोच आधी शरण येतो. असं का?

त्यासाठी आतड्यात जायला हवं. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. जुन्या पेशी झडतात, अस्तरातल्या खळग्यांच्या तळाशी बसलेल्या मूळ पेशी विभागून नव्या पुरवतात. (आतडी धुऊन ‘साठलेली विषं’ बाहेर काढणाऱ्या डिटॉक्स पाकिटांची इथे मला कीव येते. ज्या अस्तराला ते धुवायला निघालेत ते आठवड्याच्या आत आपणहून टाकून दिलं जाणार असतं, आणि डीएनएमधलं चुकलेलं अक्षर काही रेचकाने निघत नाही.) इतक्या वेळा विभागायचं म्हणजे इतक्या वेळा डीएनएची नक्कल करायची. एका पेशीत अक्षरांच्या सुमारे ६०० कोटी जोड्या. ए समोर टी, जी समोर सी. नक्कल करणारं पॉलिमरेज हे प्रथिन वेगाने अक्षरं जोडत जातं आणि साधारण लाखात एकदा चुकतं. लाखात एक चूक ऐकायला छान वाटते, पण ६०० कोटींवर ती ६० हजार चुका होते, दर विभाजनाला.

पॉलिमरेज स्वतःच लगेच मागे वळून पाहतं, चुकलेलं अक्षर खोडतं, पुन्हा लिहितं. तरी काहीशे चुका निसटतात. छापखान्यात खिळे जुळवणारा स्वतः एकदा नजर टाकतो, पण त्याच्यामागे मुद्रितशोधक लागतोच, तसं. हा मुद्रितशोधक म्हणजे मिसमॅच रिपेअर. त्याच्या हाताखालून गेल्यावर उरणाऱ्या चुका बोटांवर मोजण्याइतक्या.

पण या मुद्रितशोधकाची अडचण बघा. त्याच्यासमोर मूळ हस्तलिखित वेगळं ठेवलेलं नाही. डीएनएचे दोन धागे एकमेकांना बिलगलेले आहेत, एक जुना, एक नवा, आणि एका जागी जी समोर टी बसलाय. जोडी चुकली हे उघड आहे. पण चूक कुणाची? जी बरोबर की टी? दोन्ही अक्षरं डीएनएची अधिकृत अक्षरं आहेत, दोन्हींवर काही डाग नाही. त्याने अंदाजे दुरुस्ती केली तर निम्म्या वेळा तो बरोबर अक्षर खोडून चुकीचं कायम करेल. असा मुद्रितशोधक नसलेला बरा.

जिवाणूंनी यावर काढलेली युक्ती मला आजही थक्क करते. ई. कोलाय हा जिवाणू आपल्या डीएनएमध्ये जिथे जिथे जीएटीसी अशी चार अक्षरं येतात तिथल्या ए वर एक छोटासा रासायनिक टिळा लावतो, मिथाइल गटाचा. पण हा टिळा नक्कल झाल्यावर थोड्या वेळाने लागतो. म्हणजे काही मिनिटं अशी असतात की जुन्या धाग्यावर टिळे आहेत आणि नवा धागा कोरा. ज्यावर टिळा नाही तो नवा, चूक त्याचीच. त्या थोड्या अवधीत दुरुस्ती उरकायची. पॉल मॉड्रिच यांनी वर्षानुवर्षं खपून या यंत्रणेचा एकेक भाग वेगळा केला आणि १९८९मध्ये ती पूर्ण यंत्रणा परीक्षानळीत पुन्हा उभी करून दाखवली. २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता.

माणसाच्या पेशीत मात्र दुरुस्तीसाठी हे टिळे वापरात नाहीत. आपली खूण वेगळी. नव्या धाग्यात नक्कल होताना ठिकठिकाणी चिरा राहतात, कारण दोनपैकी एक धागा सलग लिहिता येत नाही, तुकड्यातुकड्यांनी लिहून मग सांधावा लागतो. शिवाय नक्कल करताना डीएनएभोवती पीसीएनए नावाची कडी चढवलेली असते आणि ती एका ठरावीक दिशेलाच तोंड करून बसते. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिनांची जोडी चुकीची जागा हेरते, एमएलएच-१ आणि पीएमएस-२ या दुसऱ्या जोडीला बोलावते. कडीचं तोंड कुठे आहे त्यावरून पीएमएस-२ ठरवतं की चीर द्यायची ती कुठल्या धाग्याला. मग एक प्रथिन त्या चिरेपासून चुकीच्या जागेपलीकडेपर्यंत नवा धागा कुरतडून टाकतं, पॉलिमरेज तेवढा भाग परत लिहितं, शेवटी सांधा जुळतो. प्रथिनांची ही नावं विसरलात तरी चालेल. पण एमएसएच-२, एमएसएच-६, एमएलएच-१, पीएमएस-२ ही चार नावं आतड्याच्या कॅन्सरच्या बायोप्सी रिपोर्टवर दिसली तर ती कशासाठी आहेत एवढं आता कळेल. गाठीचा तुकडा रंगवून ही चार प्रथिनं जागेवर आहेत का ते पाहतात. एखादं गायब असेल तर मुद्रितशोधक कामावर नाही.

तो नसला की सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो? एकच अक्षर ओळीने आठ-दहा वेळा येतं तिथे. आपणही ‘रररररररररर’ लिहून काढताना र नऊ होते की दहा हे विसरतो. पॉलिमरेजचंही तसंच होतं, ते घसरतं आणि एक अक्षर कमी किंवा जास्त पडतं. आणि एक अक्षर कमी पडणं हे एक अक्षर बदलण्यापेक्षा फार वाईट, कारण पेशी डीएनए वाचते तीन-तीन अक्षरांच्या गटात. हे वाक्य घ्या: ‘कावळा झाडाला सोडून उडाला’. प्रत्येक शब्द तीन अक्षरी. आता यातला फक्त ‘व’ गाळा आणि तीनतीनची शिस्त तशीच ठेवा. ‘काळाझा डालासो डूनउ डाला’. चूक एका जागची, पण तिथून पुढे सगळंच अगम्य.

टीजीएफबीआर-२ या जनुकात ए हे अक्षर सलग दहा वेळा येतं. हे जनुक आतड्याच्या पेशीला ‘आता विभागणं थांबव’ हा निरोप ऐकवतं. मुद्रितशोधक नसलेल्या गाठींमध्ये ही दहाची ओळ बहुतेक वेळा बिघडलेली सापडते. निरोप ऐकूच येत नाही, गाठ वाढते. इथवर चुका गाठीच्या फायद्याच्या.

पण ‘डालासो डूनउ’ हे नुसतं वाया गेलेलं प्रथिन नसतं. प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर टांगून ठेवते आणि रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी येता-जाता ते तपासतात. नेहमीचा तुकडा दिसला तर पुढे जातात. शरीराने जन्मात कधी न पाहिलेला तुकडा दिसला तर थांबतात. साध्या म्युटेशनमध्ये एखादंच अक्षर वेगळं असतं, ते नजरेतून सुटू शकतं. घसरलेल्या ओळीनंतरची बडबड मात्र पूर्ण परकी असते. आणि अशा गाठीत ती ढिगाने असते. २०१५च्या एका अभ्यासात मोजदाद झाली तेव्हा दुरुस्ती बंद असलेल्या गाठींमध्ये सरासरी १७८२ म्युटेशन निघाली, दुरुस्ती चालू असलेल्यांमध्ये ७३.

मग टी-पेशी अशा गाठीला आधीच का मारत नाहीत? त्या येतात, गाठीत गर्दी करतात, पण त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि गाठ तो दाबून धरते. हा ब्रेक तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२मध्ये सापडला. त्यांना आणि जेम्स ॲलिसन यांना २०१८चं नोबेल मिळालं ते अशा ब्रेकवरून पाय उचलण्याच्या कल्पनेसाठी. डोस्टारलिमॅब हेच करतं. ते गाठीला हातही लावत नाही.

हा संबंध लक्षात आला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. पीडी-१ रोखणारी औषधं सुरुवातीला आतड्याच्या कॅन्सरच्या ३३ रुग्णांना देऊन पाहिली गेली आणि गुण आला फक्त एकाला. निष्कर्ष सोपा होता: इथे हे औषध निरुपयोगी. पण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या काही जणांनी त्या एका रुग्णाकडे पाठ फिरवली नाही. त्याची गाठ तपासली तर तिथे मुद्रितशोधक बंद. मग २०१५मध्ये मुद्दाम तुलना केली. बिघाड असलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या दहापैकी चार रुग्णांची गाठ आक्रसली, बिघाड नसलेल्या अठरांपैकी एकाचीही नाही. २०१७मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाला, कॅन्सर कुठल्याही अवयवाचा असो, हा बिघाड असेल तर परवानगी दिली. अवयव न पाहता दिलेली ती पहिलीच परवानगी.

दहापैकी चार आणि ४९ पैकी ४९, यातला फरक मुख्यतः वेळेचा असावा असं दिसतं. २०१५चे रुग्ण कॅन्सर पसरलेले होते, अनेक उपचारांतून गेलेले होते. नेदरलँड्समध्ये मिरियम शलाबी यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या न पसरलेल्या, पण हाच बिघाड असलेल्या कॅन्सरवर अशा दोन औषधांचे डोस ऑपरेशनच्या आधी काही आठवडे दिले. कापून काढलेल्या भागात ६८ टक्के रुग्णांमध्ये एकही जिवंत कॅन्सरपेशी मिळाली नाही. तरीही ‘बिघाड आहे म्हणजे काम फत्ते’ असं नाही. सर्सेक यांच्याच २०२५च्या अभ्यासात इतर अवयवांच्या अशाच कॅन्सरचे ५४ रुग्ण होते आणि गाठ पूर्ण गेली ती ३५ जणांची. काही गाठी तुकडे टांगण्याची खुंटीच मोडून टाकतात, मग टी-पेशीला दिसणार काय? आणि गाठ दिसेनाशी होणं व ती पुन्हा कधीच न येणं यांच्यामध्ये अनेक वर्षांच्या तपासण्या असतात, त्या चुकवून चालत नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपैकी उरलेल्या ८५ टक्क्यांचं काय, हा खरा प्रश्न. त्यांच्या गाठीत मुद्रितशोधक शाबूत आहे, मजकूर नीटनेटका आहे आणि टी-पेशींना थांबावंसं वाटेल असं फार काही टांगलेलं नाही. इटलीतल्या संशोधकांनी अगदी उलटा डाव टाकून पाहिलाय: टेमोझोलोमाइड हे जुनं केमोचं औषध देऊन गाठीत आधी मुद्दाम चुका वाढवायच्या आणि मग ब्रेक काढायचा. निवडक थोड्या रुग्णांत त्याचा परिणाम दिसला. कल्पना म्हणून मला ती भन्नाट वाटते, उपचार म्हणून अजून कच्ची.

मला जास्त आशा वाटते ती दुसऱ्या टोकाला. काही लोक जन्मतःच मुद्रितशोधकाच्या त्या चार प्रथिनांच्या जनुकांपैकी एकाची एक प्रत बिघडलेली घेऊन येतात. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. १८९५मध्ये अमेरिकेत आल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. त्या तशाच गेल्या. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाची वंशावळ १९१३मध्ये छापली. त्यांच्यातला बिघाड एमएसएच-२ मध्ये आहे हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. शाप, पत्रिका, घराण्याचं नशीब, काहीही म्हणता आलं असतं. ते एक चुकलेलं अक्षर होतं.

अशा लोकांत कॅन्सर होईल तेव्हा घसरण्याच्या जागा ठरलेल्या असतात, त्याच दहा-दहा अक्षरांच्या ओळी. म्हणून वेगवेगळ्या माणसांच्या गाठींत बडबडही सारखीच निघते, आणि सारखी असेल तर ती टी-पेशींना आधीच शिकवून ठेवता येईल. अशा २०९ तुकड्यांची एक लस, नाऊस-२०९, लिंच सिंड्रोम असलेल्या निरोगी लोकांना टोचून पाहिली आहे. त्यांच्या टी-पेशी ते तुकडे ओळखायला शिकल्या आहेत. गाठी होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं का, ते आता या लोकांच्या कोलोनोस्कोपीत दिसायचं आहे.