ब्रेकचा आवाज : घरच्या घरी निदान व दुरुस्ती
मोटारगाडीचा ब्रेक दाबताना, आणि कधीकधी न दाबताही, चाकांकडून येणारे किंचाळणे, खरखर, गुरगुर किंवा खडखड यांना सर्वसाधारणपणे ‘ब्रेक वाजणे’ म्हणतात. आवाज किती मोठा आहे यावरून धोका किती हे ठरत नाही. कानठळ्या बसवणारी किंचाळी पुष्कळदा निरुपद्रवी असते, तर काचा वर असताना जेमतेम ऐकू येणारी जाडसर खरखर गाडी जागेवर उभी करण्याइतकी गंभीर असू शकते. म्हणून आवाज बंद करण्याआधी तो कशाचा आहे हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची चकती, म्हणजे डिस्क, दोन्ही बाजूंनी पॅडच्या, म्हणजे घर्षणथर लावलेल्या पोलादी पट्ट्यांच्या, चिमट्यात धरली जाते. पॅड धरून दाबणाऱ्या या चिमट्याला कॅलिपर म्हणतात. हे घर्षण एकसंध नसते. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो आणि पुन्हा चिकटतो, आणि हा खेळ सेकंदाला हजारो वेळा चालतो. त्या कंपनाची लय डिस्कच्या व कॅलिपरच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की डिस्क घंटेसारखी वाजू लागते. किंचाळीची वारंवारता साधारणपणे १,००० हर्ट्झच्या वर असते, आणि माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असल्याने ती इतकी असह्य वाटते. हे दुखणे डिस्क ब्रेकइतकेच जुने आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, परंतु त्यातील तांब्याचे अस्तर धातूच्या चकतीवर घासून भयंकर कर्कश आवाज करी.

निदानाचा पहिला भाग हात न लावता, नुसत्या कानाने होतो. रात्रभर पाऊस किंवा दव पडल्यावर सकाळी पहिले तीन-चार ब्रेक खरखरतात, याचे कारण डिस्कवर चढलेला गंजाचा पातळ थर हे असते. तो पॅडनेच पुसला जातो आणि त्यावर काही करावे लागत नाही. गाडी चालू असताना येणारी आणि ब्रेक दाबताच थांबणारी किंवा बदलणारी बारीक चिरचिर बहुधा झीजदर्शक पट्टीची असते. पॅडला जोडलेली ही स्प्रिंगपोलादाची जीभ पॅडचा घर्षणथर २ ते ३ मिमी. उरला की डिस्कला टेकते. हा बिघाड नसून मुद्दाम केलेली सूचना आहे. ब्रेक दाबताना धातूवर धातू घासल्यासारखी जाड घरघर आली, तर घर्षणथर संपून पॅडची पोलादी पाठ डिस्क खरवडत आहे असे समजावे आणि गाडी चालवू नये. ब्रेकशी संबंध न ठेवता अखंड येणारी पत्र्याची खरवड बहुधा डिस्कमागच्या धूळरोधक पत्र्यात अडकलेल्या खड्याची असते. गाडी थोडी मागे घेतल्यावर तो कधीकधी आपोआप पडतो. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घूंघूं मात्र ब्रेकची नसून चाकाच्या बेअरिंगची असण्याचा संभव अधिक. ब्रेक हलकेच सोडत गाडी सरकवताना होणारी गुरगुर स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत विशेष आढळते आणि सहसा धोक्याची नसते.

प्रत्यक्ष तपासणीसाठी गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच ढिले करावेत आणि उचललेली गाडी जॅक स्टँडवर, म्हणजे पक्क्या आधारावर, टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम करणे जिवावर बेतू शकते. साठलेली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असे. अनेक देशांत त्यावर बंदी आली असली, तरी आजच्या पॅडची धूळही फुफ्फुसांना हितकर नाही. ती ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी.

नव्या पॅडचा घर्षणथर साधारण १० ते १२ मिमी. असतो, तो ३ मिमी.वर आला की पॅड बदलावेत. येथे एक चूक वारंवार होते. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, तर तरंगत्या, म्हणजे पिनांवर सरकणाऱ्या, कॅलिपरमध्ये दट्ट्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा पिस्टन) आतल्या बाजूला असल्याने आधी संपतो तो बहुधा आतला. दोन्ही पॅडच्या झिजेत मोठा फरक दिसला तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम झाल्याचा संशय घ्यावा. आवाजाचे कितीतरी प्रसंग या दोन पिनांपाशीच मिटतात. त्या बाहेर काढून, स्वच्छ करून, उच्च तापमान सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावले की पुरते. नेहमीचे खनिज ग्रीस येथे चालत नाही, कारण त्याने रबरी आवरणे फुगतात. डिस्कवर खोल चऱ्या किंवा काठाला उंच कड आहे का ते पाहावे आणि जाडी मोजून डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीशी ताडावी. ब्रेक मारताना पायाला थरथर जाणवली की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा असमान थर बसलेला असतो किंवा तिची जाडी जागोजागी बदललेली असते.

झीज नसूनही किंचाळी येत असेल तर उपाय कंपन शोषण्याचा असतो. पॅडच्या पाठीवरील पातळ पत्रे गळून पडले किंवा गंजले असल्यास नवे बसवावेत, पॅडची टोके जेथे टेकतात तेथील क्लिपा व गंज साफ करावा, आणि पाठीवर तसेच टेकण्याच्या जागी ब्रेकसाठीचे खास ग्रीस अगदी पातळ लावावे. घर्षणपृष्ठावर किंवा डिस्कवर त्याचा थेंबही जाता कामा नये. आवाज थांबवण्यासाठी तेल सोडण्याचा सल्ला काही जण देतात. आवाज थांबतो हे खरे, पण ब्रेकही जातो. तेल प्यायलेला पॅड धुऊन सुधारत नाही. अतितापाने काचेसारखा गुळगुळीत झालेला पॅड पॉलिशकागदाने घासल्यास काही काळ गप्प बसतो, परंतु हा उपाय तात्पुरताच समजावा.

पॅड बदलताना एका आसावरील दोन्ही चाकांचे बदलावेत. सुटा कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. दट्ट्या मागे ढकलताना टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी वाढते. ते रंगावर सांडल्यास रंग उखडतो. काही गाड्यांत मागचा दट्ट्या दाबून नव्हे, तर फिरवून आत जातो, आणि विजेवर चालणारा हँडब्रेक असल्यास तो आधी दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. काम संपल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून ब्रेक शू, म्हणजे घर्षणथर लावलेल्या वक्र पट्ट्या, दाबल्या जातात. त्याचा आवाज बहुतेक वेळा साठलेल्या धुळीचा किंवा हे शू ज्या पत्र्यावर टेकतात तेथील कोरड्या पडलेल्या जागांचा असतो. ड्रमच्या आत ओल दिसल्यास मात्र चाकाच्या सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत आहे असे समजावे.

नवे पॅड लगेच शांत होतीलच असे नाही. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, मध्ये थंड होण्यास वेळ देत काही वेळा वेग कमी केल्यास पॅडचा समान थर डिस्कवर बसतो; नेमकी पद्धत पॅडच्या उत्पादकाने दिलेली असते. धातूमिश्रित पॅड सिरॅमिक पॅडपेक्षा मुळातच अधिक वाजतात. पेडल मऊ लागणे, गाडी एका बाजूला ओढणे, ब्रेक ऑइलची गळती किंवा धोक्याचा दिवा, यांपैकी काहीही आवाजाच्या जोडीला असेल तर घरगुती काम तेथेच थांबवून गाडी जाणकार कारागिराकडे, आणि तीही चालवत न नेता, पोहोचवावी.