‘१९८४’ म्हणजे नुसता स्टालिन नव्हे

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी हमखास दिसते आणि हातात घेतली की बाजूचा कोणीतरी सांगतोच, अरे ती स्टालिनवर आहे. अर्धं खरं आहे. त्यातला मिशीवाला हुकूमशहा बिग ब्रदर, स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्कीवर बेतलेला त्याचा शत्रू गोल्डस्टीन, दोन अधिक दोन पाच (पंचवार्षिक योजना चार वर्षांत उरकायची म्हणून सोव्हिएत पोस्टरवर हे खरंच छापलेलं), फोटोतून गायब केलेली माणसं, सगळं तिकडचंच. पण ऑर्वेल रशियाला कधी गेलाच नाही. मग खोटं रोज ऑफिसात बसून बनतं कसं, हे इतकं बारीक त्याला कुठून कळलं?

माझ्या मते लंडनहून, आणि तेही आपल्यासाठी काम करताना. माणूस मुळात १९०३ साली बिहारच्या मोतीहारीत जन्मलेला, वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात, स्वतः बर्मात पाच वर्षं पोलीस. मग स्पेनमध्ये लढताना १९३७ला गळ्यात गोळी लागली, आणि न झालेल्या लढायांच्या बातम्या पेपरात छापून येतात हेही तिथेच बघितलं. १९४१ ते ४३ तो बीबीसीत होता, हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करायला. युद्धाचं साप्ताहिक बातमीपत्र तो इंग्रजीत लिहायचा आणि ते गुजराती, बंगाली, तमिळ आणि चक्क मराठीतही जायचं! तिथे त्याच्यासोबत निवेदिका म्हणून आपल्या वेणू चितळे होत्या, कवी टी. एस. एलियटसोबतचा तो फेमस ग्रुप फोटो आहे ना, त्यात ऑर्वेलही आहे आणि या पण आहेत, फक्त मराठीत त्यांचं नाव फारसं कोणी काढत नाही.

प्रत्येक स्क्रिप्टवर दोन शिक्के लागायचे, एक सुरक्षेचा, एक धोरणाचा, आणि वाचणारा लिहिलेलं सोडून काही बोललाच तर स्विच बंद करायला एक सेन्सॉर बाजूला बसलेला. इथे त्याच वेळी छोडो भारत, नेते तुरुंगात, आणि हा तिथून आपल्याला इंग्रजांच्या बाजूने समजावतोय. शेवटी वैतागला, आपला वेळ आणि लोकांचा पैसा फुकट जातोय असं राजीनाम्यात लिहून मोकळा झाला. कादंबरीतली छळाची १०१ नंबरची खोलीसुद्धा बीबीसीच्याच मीटिंगच्या खोलीवरून आली असं मानलं जातं. कादंबरीचा नायक विन्स्टन याचं जुने पेपर दुरुस्त करायचं खातं वाचताना मला तरी मॉस्को नाही, हेच ऑफिस दिसतं.

पुढे क्षयाने खंगलेला असताना स्कॉटलंडच्या ज्युरा बेटावर त्याने ‘१९८४’ लिहून काढली, जून १९४९ला ती आली, जानेवारी १९५०ला तो गेला.

आणि तसाच शिक्के मारणारा सेन्सॉर जून १९७५ला आपल्याकडेही बसला. आणीबाणी लागली आणि दोनच दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीत निधनाची एक छोटी जाहिरात आली, डी. ई. एम. ओक्रसी वारले, टी. रूथचे पती, एल. आय. बर्टीचे वडील, २६ जूनला. इंग्रजीत जोडून वाचून बघा, डेमॉक्रसी, ट्रूथ, लिबर्टी. सेन्सॉरच्या नजरेतून सुटली ती. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या, तिथे मात्र सुटका नव्हती, १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.